अडाणी मास्तर आणि शनीवरचा डाग

विनोदी नटाचे चरित्र म्हटले की वाचकाच्या मनात एक ठरलेला साचा असतो. जगाला हसविणारा हा माणूस एकान्तात रडत होता, एवढे सांगितले की लेख पुरा होतो. विल हे या इंग्रज नटाचे चरित्र त्या साच्यात बसत नाही. त्याने रंगभूमीवर आणि पडद्यावर तीसहून अधिक वर्षे बहुतेक एकाच माणसाचे सोंग आणले : ज्याला काही म्हणता काही येत नाही अशा मास्तरचे. आणि त्याच काळात घरच्या बागेत रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या या माणसाने शनी ग्रहावर असे काही पाहिले की, त्याचे नाव खगोलशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. अज्ञानाचे इतके हुबेहूब सोंग ज्याने आणले तो स्वतः जन्मभर विद्यार्थी होता. हे कसे, एवढेच मला या लेखात पाहायचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा करते. या गृहस्थाचे आडनाव 'हे' असे एकाक्षरी आहे. मराठी वाक्यात ते पदोपदी सर्वनामासारखे वाटून घोटाळा होईल. म्हणून यापुढे त्याला नुसते विल म्हणणेच सोयीचे.

विलचा जन्म ६ डिसेंबर १८८८ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील स्टॉकटन-ऑन-टीज या गावी झाला. आगगाडीच्या इतिहासात या गावाचे नाव आहे. १८२५ साली सुरू झालेली प्रसिद्ध स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे इथलीच. वडील यंत्रज्ञ होते आणि कामाच्या निमित्ताने कुटुंबाचा मुक्काम सारखा हलत असे. एका गावी पाळेमुळे रुजावीत, एका शाळेत सलग शिक्षण व्हावे, असे त्याच्या नशिबी नव्हते. विद्यापीठाची पायरी तर तो कधी चढलाच नाही. तरुणपणी त्याने यंत्रकामाची उमेदवारी केली. परकीय भाषा शिकण्याची त्याला हौस होती आणि आकाशाची ओढही याच वयात लागली. कारखान्यात पक्की नोकरी, महिन्याचा ठरलेला पगार, लवकर झालेले लग्न असा सरळ रस्ता त्याच्यापुढे होता. विशीच्या उंबरठ्यावर त्याने तो सोडला आणि तो रंगभूमीवर आला.

रंगभूमी म्हणजे नाटक नव्हे, म्युझिक हॉल. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कामकरी माणसांच्या करमणुकीची ही जागा होती. एकाच संध्याकाळी तिथे गाणी, नकला, कसरती, जादूचे प्रयोग आणि छोटे विनोदी प्रवेश होत. आपल्या तमाशातल्या बतावणीची आठवण व्हावी असाच काहीसा हा प्रकार. समोरचा प्रेक्षक दिवसभर खपून आलेला, पैसे मोजून बसलेला. हसू आले नाही तर तो नटाची गय करीत नसे. या प्रेक्षकापुढे १९१० च्या सुमारास विलने आपला मास्तर उभा केला. त्याची एक बहीण शिक्षिका होती. वर्गात मुले कशी उत्तरे देतात याच्या गमती ती घरी सांगे आणि त्यांतूनच हे पात्र त्याला सुचले, असे सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत होता. चार्ली चॅप्लिन ज्या तालमीत तयार झाला तीच ही मंडळी.

हा मास्तर कसा होता? अंगात जुनाट काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चिमट्याचा चष्मा आणि प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला एक नाक ओढणे. शाळेचे नाव सेंट मायकल्स. वर्गात एक चुणचुणीत पोरगा, आणि दुसऱ्या बाकावर हारबॉटल नावाचा एक विद्यार्थी; तो इतकी वर्षे त्याच वर्गात आहे की म्हातारा झाला आहे! मास्तरला मुलांपेक्षा थोडे कमीच येते. ते मुलांना माहीत आहे. मास्तरलाही माहीत आहे. तरी झगा आणि टोपी अंगावर असल्यामुळे त्याला माघार घेता येत नाही. मुलाने प्रश्न विचारला की तो आधी रागावतो, मग चष्मा सारखा करतो, मग भलतेच उत्तर देतो, आणि शेवटी मुलाच्याच तोंडून खरे उत्तर काढून घेऊन ते आपल्याला आधीपासून ठाऊक होते असा चेहरा करतो.

हे वाचताना आमच्या प्राध्यापकांच्या ओठांवर हसू येईल आणि विद्यार्थ्यांच्याही. कारण दोन्ही बाजूंनी आपण या खेळात कधी ना कधी भाग घेतलेला असतो. विलच्या विनोदाचे मर्म इथेच आहे. अज्ञान हा त्याच्या विनोदाचा विषय नाहीच. काही येत नसणे यात हसण्यासारखे काय आहे? हसू येते ते येत नसताना येण्याचा आव आणणाऱ्याचे, आणि तो आव जपण्यासाठी त्याने केलेल्या धडपडीचे. त्या धडपडीची थोडी कीवही येते. पोटासाठी नोकरी टिकवायची आहे, आणि नोकरी टिकवायची तर अज्ञान झाकायचे आहे, एवढीच त्या बिचाऱ्याची गोष्ट.

१९२५ मध्ये राजासमोर होणाऱ्या खास खेळात त्याची निवड झाली. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका असे दौरे झाले. १९३४ पासून तो चित्रपटात आला आणि तिथेही मास्तर त्याच्या पाठोपाठ आला. १९३५ च्या 'बॉइज विल बी बॉइज'मध्ये खोट्या शिफारसपत्रावर तो मुख्याध्यापक होतो. १९३८ च्या 'कन्व्हिक्ट नाइन्टीनाइन'मध्ये नोकरीवरून काढलेला मास्तर घोटाळ्याने एका तुरुंगाचा अधिकारी बनतो. १९३७ चा 'ओ, मिस्टर पोर्टर!' हा त्याचा सर्वांत नावाजलेला चित्रपट. त्यात तो एका आडगावच्या स्टेशनाचा स्टेशनमास्तर आहे. मास्तरकी इथेही सुटलेली नाही! दात पडलेला म्हातारा झालेला मूर मॅरियट आणि गलेलठ्ठ पोरगा झालेला ग्रॅहम मॉफट यांच्याबरोबर जमलेले त्याचे त्रिकूट इंग्लंडात घरोघर माहीत झाले.

चरित्रनायकाचे सर्वच गोड मानू नये. १९३८ च्याच 'ओल्ड बोन्स ऑफ द रिव्हर'मध्ये तो आफ्रिकेतल्या लोकांना शिक्षण द्यायला निघालेला मास्तर आहे. त्यातही मास्तरचीच फजिती आहे हे खरे. परंतु तिथल्या आफ्रिकी माणसांकडे साम्राज्याच्या चष्म्यातूनच पाहिलेले आहे. ज्या साम्राज्याने आपल्यालाही शहाणे करून सोडण्याचा आव आणला, त्याच्या प्रजेचे वंशज म्हणून हा चित्रपट आपल्याला मोकळेपणाने हसू देत नाही.

आता दिवस मावळल्यानंतरचा विल पाहू. दक्षिण लंडनमधील नॉरबरी या उपनगरात त्याचे घर होते. त्या घराच्या बागेत त्याने स्वतःची वेधशाळा उभारली होती. खेळ संपला, रंग पुसला की हा गृहस्थ तिथे जाऊन बसे. उमेदवारीच्या काळात यंत्रकामाला बसलेला हात इथे उपयोगी पडला. धूमकेतूचे आकाशातील स्थान मोजण्याचे सूक्ष्ममापक, वेळेची अचूक नोंद करणारे यंत्र अशी उपकरणे त्याने स्वतः तयार केली. १९३२ मध्ये तो लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा सदस्य झाला. शास्त्रीय कामात तो आपले नाव डब्ल्यू. टी. हे असे लिही. रंगभूमीवरची कीर्ती त्याने तिथे आणली नाही. विदूषकाचे निरीक्षण कोण खरे मानणार, अशी धास्ती त्यामागे असेल काय?

३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री विलची सहा इंची दुर्बीण शनीवर रोखलेली होती. आपल्याकडे शनी म्हटले की साडेसाती आठवते. शनिवारी मारुतीला तेल घालून त्याची दृष्टी टाळणारे घर मी जवळून पाहिले आहे. विल त्याच शनीची दृष्टी चुकविण्याऐवजी त्याच्याकडे दृष्टी लावून बसला होता. शनीचा पृष्ठभाग एरवी फिकट पट्ट्यांचा, शांत दिसतो. त्या रात्री त्याच्या विषुववृत्ताजवळ एक मोठा, पांढराशुभ्र, लांबट गोल डाग दिसला. आदल्या निरीक्षणांत तो नव्हता. विलने घाई केली नाही. डाग ग्रहाच्या मध्यरेषेवर केव्हा येतो याच्या वेळा त्याने टिपल्या, इतर जाणकारांना कळविले, त्यांनी आपापल्या दुर्बिणीतून पाहिले आणि शोध पक्का झाला. दुसरीकडे वर्तमानपत्रांना तर पर्वणीच : म्युझिक हॉलमधल्या अडाणी मास्तरने आकाशात शोध लावला!

तो डाग म्हणजे शनीच्या वातावरणात खालून वर उसळलेले एक प्रचंड वादळ होते. असे महावादळ शनीवर क्वचितच उठते. १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि २०१० या वर्षी ते दिसले. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, आणि बहुतेक वादळांमधले अंतरही जवळपास तेवढेच आहे. २०१० चे वादळ उठले तेव्हा कॅसिनी हे अवकाशयान शनीभोवती फिरत होते आणि त्याने ते जवळून टिपले. १९३३ साली असे यान नव्हते. एका बागेत एक दुर्बीण होती आणि तिच्यामागे एक जागा माणूस होता.

१९३५ साली त्याने 'थ्रू माय टेलिस्कोप' हे सामान्य वाचकांसाठी खगोलशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले. पडद्यावर ज्याला एक धडा धड शिकविता येत नव्हता, त्याने कागदावर अवघे आकाश शिकवायला घेतले.

१९३३ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी ३० जानेवारीला हिटलर जर्मनीचा चान्सेलर झाला आणि १० मे रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली. त्या होळीत पुस्तके टाकणाऱ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी पुढे होते, ही गोष्ट कॉलेजात शिकणाऱ्या आपण सर्वांनी विसरू नये. पदव्या घ्यायला आलेली ती मुले होती. पुढे सहा वर्षांनी युद्ध पेटले आणि विलचा अडाणी मास्तर या मुलांच्या वर्गावर जाऊन उभा राहिला.

तो चित्रपट म्हणजे 'द गूज स्टेप्स आउट'. इलिंग स्टुडिओने तो १९४२ मध्ये काढला. बेसिल डिअर्डन आणि स्वतः विल असे दोघे त्याचे दिग्दर्शक होते. गुडघा न वाकवता पाय ताठ उचलून चालण्याची जर्मन सैन्याची जी पद्धत, तिला इंग्रजीत हंसाची चाल म्हणतात. नावातला विनोद हा असा. १९४२ चा पूर्वार्ध ब्रिटनला जड गेला होता. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, जूनमध्ये तोब्रुक पडले. अशा वेळी लोकांना दोन घटका हसविणे हेही युद्धकार्यच समजले जाई.

कथा अशी. पॉट्स नावाच्या एका इंग्रज मास्तरचा चेहरा पकडलेल्या एका जर्मन हेराशी तंतोतंत जुळतो. सरकार त्या हेराच्या जागी पॉट्सला जर्मनीत पाठविते. एका नव्या बाँबचे गुपित आणणे हे त्याचे काम. तिथे त्याला एका संस्थेत शिकवायला नेमतात. इंग्लंडात हेर म्हणून जायच्या जर्मन तरुणांना इंग्रजी रीतिरिवाज शिकवायचे! पुढे नामवंत झालेला पीटर उस्तिनोव्ह या विद्यार्थ्यांत आहे. पॉट्स त्यांना सगळे उलटेसुलटे शिकवितो. त्यातला एक प्रसंग फार गाजला. हाताची मागची बाजू पुढे करून दोन बोटे दाखविणे ही इंग्लंडात शिवीच्या तोडीची खूण आहे. पॉट्स वर्गाला सांगतो की, हा इंग्रजांचा आदराचा नमस्कार. आणि मग अख्खा वर्ग भिंतीवरच्या हिटलरच्या तसबिरीला मोठ्या भक्तिभावाने तो नमस्कार करतो.

वरवर पाहता हा एक पोरकट खोडसाळपणा आहे. पण मला यात एक फरक दिसतो आणि या लेखाचे कारण तोच आहे. मास्तर तोच आहे, तेवढाच अडाणी. वर्ग मात्र दोन आहेत. सेंट मायकल्सच्या वर्गात मुले मास्तरला प्रश्न विचारतात, आडवे लावतात, त्याचे अज्ञान उघडे पाडतात. तिथे फजिती होते ती मास्तरची. जर्मनीच्या वर्गात कोणी हात वर करून शंका विचारीत नाही, कारण शंका विचारायची नाही हेच त्यांना सर्वांत आधी शिकविलेले आहे. तिथे फजिती होते ती वर्गाची. हुकूम आला की पाय ताठ, हात वर. असा वर्ग उद्या कोणी काहीही सांगितले तरी करील. आज दोन बोटे दाखवील, उद्या पुस्तके जाळील, परवा माणसे. १९४२ मध्ये माणसे जाळण्याचे काम खरोखर चालू होते. इंग्लंडात हसणाऱ्या प्रेक्षकाला त्याची पुरती कल्पना नव्हती. आज ते ठाऊक असल्यामुळे या प्रसंगावर आपले हसू मध्येच थांबते.

अर्थात चित्रपट प्रचाराचा होता. आपली ती मोकळी मुले आणि शत्रूची ती बाहुली, अशी सोपी विभागणी प्रचारात चालते. इंग्रजी शाळांतही तेव्हा छडी होती आणि घोकंपट्टीही होती. मात्र हीच विभागणी देशांऐवजी आपल्या मनांना लावून पाहावी. आपण कोणत्या वर्गात बसतो?

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या आजोबांना अक्षर ओळखता येत नव्हते, पण मृग केव्हा निघतो, कोणत्या नक्षत्राचा पाऊस पेरणीला चालतो, हे त्यांना तोंडपाठ होते. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगायला त्यांना कधी लाज वाटली नाही. कॉलेजात आल्यावर माझ्यासारख्या मुलामुलींना पहिली भीती वाटते ती आपले अज्ञान उघडे पडण्याची. शंका मनात असते, पण हात वर जात नाही. आपल्याला एवढेही येत नाही हे बाकीच्यांना कळेल असे वाटते. मग आम्ही गाइड पाठ करतो, न समजलेले वाक्य उत्तरपत्रिकेत सुंदर अक्षरात उतरवितो आणि मान डोलवायला शिकतो. हे करीत असताना आम्ही नकळत एकाच वेळी दोन्ही सोंगे घेत असतो : आव आणणाऱ्या मास्तरचे आणि मान डोलविणाऱ्या वर्गाचे. झगा अंगावर चढण्याआधीच तो आमच्या मनावर चढलेला असतो. विलच्या आयुष्याकडे मी वळले ती या भीतीमुळे. त्याच्याजवळ पदवी नव्हती. दुर्बीण होती, वही होती आणि जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिण्याची शिस्त होती. पदवी कमी महत्त्वाची आहे असे मी म्हणत नाही. ती मिळावी म्हणून माझ्या घराने काय काय सोसले ते मी जाणते. मात्र पदवी हा केवळ झगा ठरू नये, एवढेच म्हणायचे आहे.

युद्धकाळात विलने खरोखरीची मास्तरकीही केली. नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होऊन तो खगोलशास्त्र आणि नौकानयन शिकवीत होता. ताऱ्यांवरून समुद्रात आपली जागा कशी काढावी, हे शिकविताना भलते उत्तर देऊन भागणार नव्हते. १९४२ च्याच 'द ब्लॅक शीप ऑफ व्हाइटहॉल'मध्ये मात्र तो एका टपालशिक्षणाच्या कॉलेजचा प्राचार्य होता, आणि त्या कॉलेजात विद्यार्थी होता फक्त एक!

१९४३ चा 'माय लर्नेड फ्रेंड' हा त्याचा अखेरचा चित्रपट. त्यानंतर प्रकृतीने साथ सोडली. कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तरी १९४४ मध्ये त्याने रेडिओवरून आपला वर्ग पुन्हा भरविला. युद्धानंतर अर्धांगाचा झटका आला आणि काम थांबले. संसार आधीच दुभंगला होता. पतिपत्नी वेगळी राहत होती. १८ एप्रिल १९४९ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

सूर्याभोवती फिरणाऱ्या एका लघुग्रहाला, क्रमांक ३१२५ ला, त्याचे नाव दिलेले आहे. त्याचे चित्रपट इंग्लंडात अजून पाहिले जातात. त्यांतला मास्तर प्रश्न आला की अजूनही नाक ओढतो, चष्मा सारखा करतो आणि विषय बदलतो. तो साकारणारा माणूस मात्र प्रश्न आला की बागेत जात असे, दुर्बिणीचे झाकण काढीत असे आणि आकाश निरभ्र होण्याची वाट पाहत असे.